वाचलेली चार मिनिटं दहा सेकंद

सप्तर्षी मराठी समाजाचे अध्यक्ष आदरणीय सुब्बाराव अण्णा, सचिव श्री. प्रदीपकुमार, व्यासपीठावर बसलेले सर्व मान्यवर, जिच्यामुळे आपण आज जमलो आहोत ती आपली महानंदा अक्का, इलेक्ट्रॉनिक सिटीहून सकाळीच निघून आलेली अक्कांची लेक सुप्रीता, आणि रविवारची ट्रॅफिक सोसून हनुमंतनगरच्या या हॉलपर्यंत पोहोचलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सगळ्यांना नमस्कार.

आधी एक छोटा हिशेब मांडतो. समाजाच्या कार्यालयातला संगणक पूर्वी सुरू व्हायला पाच मिनिटं वीस सेकंद घ्यायचा. आता एक मिनिट दहा सेकंद घेतो. म्हणजे रोजची चार मिनिटं दहा सेकंद वाचली. ही झाली जमा. आता खर्च. नोकरीची दोन वर्षं गेली. चष्म्याचा नंबर दीडने वाढला. उजव्या हाताचा अंगठा चौदा महिने दुखला, अजून दुखतो. आणि ठराव पुस्तकात एक ओळ आली. वेळ वाचला तो संस्थेचा. खर्च केला तो एकाच बाईने, आणि ती आत्ता व्यासपीठावर डावीकडच्या खुर्चीत, मांडीवर रुमाल ठेवून बसली आहे.

मला खरं तर चार गोड शब्द बोलायला बोलावलं आहे. प्रदीपकुमारांनी परवा फोनवर सांगितलं, खंडोजी, पाच मिनिटं घ्या, पॉझिटिव्ह बोला. मी सरी म्हटलं, म्हणजे बरं. सरी म्हणण्यावर माझा धंदा चालतो. आज तो गुण स्वल्प बाजूला ठेवणार आहे, अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

माझी ओळख करून देताना सूत्रसंचालन करणाऱ्या भव्याने 'तंत्रज्ञान सल्लागार' असा शब्द वापरला. इतकं काही नाही. एस. पी. रोडवर एका जिन्याखाली माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. कीबोर्डच्या बटणांखालची धूळ काढत मी हा धंदा शिकलो. वडील चिकपेटेत शिलाई मशीन दुरुस्त करायचे. मशीन उघडण्याआधी ते डोळे मिटून चाक फिरवायचे आणि कुठे तेल कमी आहे ते सांगायचे. तो कान मला मिळाला. गिऱ्हाईक पेटी टेबलावर ठेवून वायर लावतं, तेवढ्यात मी नुसत्या आवाजावरून सांगतो, डिस्क गेली आहे, की पंखा अडकतोय, की नुसता स्क्रू ढिला आहे. बाजारात लोक यावर पैजा लावतात. बढाई म्हणा हवं तर, पण पैज लावणारे हरतात.

तर गेल्या वर्षी उगादी, म्हणजे आपला पाडवा, झाल्यावर प्रदीपकुमारांनी मला कार्यालयात बोलावलं. म्हणाले, नवा संगणक घ्यायचा नाही, यालाच पळवा.

आता विंडोजचं असं आहे मंडळी, की आपल्याला दिसते ती त्याची ओसरी. माजघरात पाहुण्याला नेत नाहीत. पण त्या माजघरात शेकडो खटके आहेत, आणि मला त्यांच्या जागा ठाऊक आहेत. मेनू उघडण्याआधी चारशे मिलिसेकंद थांबतो. का थांबतो? कुणीतरी कधीतरी तसं ठरवलं म्हणून. मी त्या चारशेचं शून्य केलं. खिडकी उघडताना लाडात येऊन तरंगते, ते बंद केलं. सावल्या काढल्या. मशीन जागं झालं की न बोलावता उठून बसणारे अकरा प्रोग्राम होते, त्यांना झोपवलं. आपण काही शोधत नसताना फाइलींची यादी करत बसणारी एक सेवा असते, तिला घरी पाठवलं. असे तेरा खटके फिरवले. चौदावा माझा खास. फाँट, म्हणजे अक्षरांचे साचे. मी ज्या काळात शिकलो त्या काळच्या अशक्त मशीनवर साचे जितके कमी तितकं मशीन हलकं पळायचं. या पेटीत सहाशे ऐंशी फाँट निघाले. मी सत्तर ठेवले, बाकीचे काढले, आणि लगेच मशीनमधली कचरापेटीही रिकामी केली. स्वच्छतेची सवय आहे मला. पेटी उघडलीच होती, तर आतली मूठभर अगरबत्तीची राखही ब्लोअरने उडवून दिली. वर गणपतीचा फोटो, खाली पेटी, असं वर्षानुवर्षं. त्यात माझा पांढरा शर्ट गेला.

मशीन सुरू केलं. प्रदीपकुमारांनी मोबाइलवर वेळ मोजली. एक मिनिट दहा सेकंद. त्यानंतरच्या वार्षिक सभेत, याच हॉलमध्ये, त्यांनी माइकवरून सांगितलं की हे काम आमच्या कंपनीत करायचं तर एक टीम बसवावी लागेल. टाळ्या झाल्या. मी मागच्या रांगेतून उठून नमस्कार केला. मग वर्षभर त्या चार मिनिटं दहा सेकंदांवर मी दुकान चालवलं. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होतो, चौदा खटके, आणि मशीन घोडा.

त्या मशीनमध्ये होतं काय, हे नव्या सभासदांना सांगायला हवं. त्यात आपली कुटुंबनोंद आहे. बेंगळुरातली चार हजार एकशे ऐंशी मराठी घरं. कोण कधी आणि कुठून आलं, कुलदैवत कुठलं, लेक कुठे दिली. इंदिरानगरच्या मुलासाठी स्थळ बघायचं असलं तरी अक्कांकडे यायचं, शिष्यवृत्तीच्या दाखल्यालाही अक्कांकडेच, आणि कुणी गेलं तर कुणाकुणाला कळवायचं तेही अक्कांनाच विचारायचं. एकोणतीस वर्षांच्या नोकरीतली बावीस वर्षं ही नोंद त्यांनी टाइप केली. ज्या फाँटमध्ये केली तो एका छापखानेवाल्याने दिला होता. तो छापखाना आता नाही, आणि छापखानेवालाही नाही. तरुण मंडळींना हे माहीत नसेल म्हणून सांगतो. तेव्हा मराठी टाइप करताना मशीनला वाटायचं आपण इंग्रजी लिहितोय. आत सगळे कंस, टक्क्याच्या खुणा, उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं. त्यावर फाँट मराठीचा मुखवटा चढवायचा, म्हणून आपल्याला मराठी दिसायचं. मुखवटा काढला की आतलं दिसतं. मी तो काढला होता आणि कचऱ्यात टाकला होता.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी मशीन सुरू केलं, एक मिनिट दहा सेकंदांत, आणि फाइल उघडली. चार हजार एकशे ऐंशी घरांच्या जागी कंस आणि टक्के. प्रदीपकुमारांनी फाइल आपल्या लॅपटॉपवर नेऊन पाहिली. तिथेही कंस आणि टक्के. साहजिक आहे, त्या लॅपटॉपवर तो फाँट कधी नव्हताच. पण त्यांनी निष्कर्ष काढला की दोन्ही मशीनवर खराब दिसते म्हणजे फाइलच खराब केली गेली आहे. कुणी? जिच्या हातात ती होती तिने. ऑगस्टमध्ये कार्यकारिणीची बैठक झाली आणि ठराव क्रमांक नऊ झाला. तो मी वाचला आहे. आता तुम्हीही ऐका.

'कुटुंबनोंदीची फाइल ती हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे कायमची खराब झाली आहे. तज्ज्ञांच्या अहवालानुसार यंत्रात दोष नाही. सबब सदर कर्मचाऱ्यास पुढील जूनअखेर सेवानिवृत्त करण्यात यावे.' एकमताने मंजूर.

अक्कांना साठाव्या वर्षी जायचं होतं. तुम्ही त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी घालवलं आणि आजच्या पत्रिकेवर छापलं 'सेवापूर्ती सोहळा'. सोनेरी अक्षरांत छापलं. मला विचाराल तर राग मला त्या सोन्याचा जास्त आला.

आता हे तज्ज्ञ कोण? मी. आणि अहवाल कुठला? प्रदीपकुमारांनी मला व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, मशीन साइडने काही प्रॉब्लेम? मी चहा पीत होतो. मी पिवळा अंगठा पाठवला. तो अंगठा तुमच्या ठराव पुस्तकात 'तज्ज्ञांचा अहवाल' होऊन बसला आहे. प्रश्न होता प्रॉब्लेम आहे का, आणि उत्तर अंगठा. म्हणजे आहे की नाही? एवढंही कुणी उलटून विचारलं नाही. सात सुशिक्षित माणसं त्या बैठकीला होती. सातांपैकी एकालाही वाटलं नाही की बाईला समोर बसवून विचारावं, काय झालं. हसू नका, हसण्यासारखं नाही हे. मीही हसत नाही.

मला हे कळलं कसं ते सांगतो. जूनच्या सुरुवातीला मी प्रिंटरची शाई द्यायला कार्यालयात गेलो होतो. बोळात चपला काढताना आतून आवाज आला. अक्का एकट्याच काहीतरी मोठ्याने वाचत होत्या. कंस, मोठा एस, टक्का, खाली रेघ. मग थांबल्या आणि म्हणाल्या, घोरपडे. पुन्हा कंस, दोन टिंबं, कॉटनपेट.

मी आत गेलो. समोर पडद्यावर ती सगळी कचऱ्यासारखी अक्षरं, आणि हाताखाली एक लांब वही, त्यात सुंदर मराठीत नोंदी. मी विचारलं, हे तुम्ही कशावरून लिहिताय? तर पडद्याकडे बोट दाखवलं.

मी म्हटलं, "अक्का, हा तर नुसता कचरा आहे."

"तुला कचरा. बावीस वर्षं हीच बटणं दाबलीत मी. कुठल्या बटणाला काय उमटतं ते मला पडद्याने सांगायला नको."

मंडळी, माझे कान तिथे गरम झाले. कारण कंस आणि टक्के ऐकल्या क्षणी मला कळलं होतं की माझा चौदावा खटका बोलतोय. तरी मी विचारलं, हे कधीपासून असं दिसतंय.

"तू मशीन पळवून गेलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मग मला नाही का सांगायचं?"

"सांगितलं की. फोन केला होता. तू म्हणालास, अक्का, मशीन परफेक्ट आहे, तुमच्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल." मग वहीचं पान उलटत म्हणाल्या, "मला वाटलं, असेल."

मला वाटलं, असेल. या तीन शब्दांमुळे मी गेले काही आठवडे झोपलेलो नाही. चौदा महिने ही बाई स्वतःच्या बोटांवर संशय घेत होती. आणि आपण पुसून टाकलेलं आपणच भरून द्यायचं म्हणून रोज दुपारचा डबा खाऊन झाला की एक एक घर हाताने लिहीत होती. दोन हजार नऊशे बारा घरं लिहून झाली होती. कुणी सांगितलं नव्हतं. ठरावातही ते लिहिलेलं नाही.

तो फाँट होता कुठे म्हणाल, तर अक्कांच्याच कपाटात. एका लग्नपत्रिकेच्या पाकिटात छापखानेवाल्याने दिलेली सीडी, पाकिटावर त्यांच्या हाताने लिहिलेलं, 'अक्षरं'. मी दुकानातून सीडी वाचणारी पेटी आणली, फाँट परत घातला, फाइल उघडली. घोरपडे, कॉटनपेट. सगळी घरं जागच्या जागी. अक्कांनी पडद्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि विचारलं, "म्हणजे मी काही पुसलं नव्हतं?"

मी नाही म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मला वाटलं आता मला बोलतील. त्या म्हणाल्या, "थांब जरा, सुप्रीताला फोन करते."

त्या दिवशी अक्कांकडून किल्ली घेऊन मी कपाटातली फाइलही पाहिली. त्यात त्यांचे तीन अर्ज आहेत, तीन वर्षांतले. 'संगणकाच्या पेटीतून घरघर येते, पेटी तापून मशीन मंदावते, आतला पंखा साफ करून मिळावा.' तिसऱ्यावर पेन्सिलीने शेरा आहे: पंखा ठीक, आवाज डिस्कचा, वयोमानाने. शेरा माझा आहे. कार्यालयात उभा राहून, पेटी न उघडता, नुसत्या कानाने दिलेला.

मग मी मेट्रोने व्हाइटफील्डला गेलो आणि प्रदीपकुमारांना सगळं सांगितलं. हे माणूस म्हणून वाईट नाहीत. लगेच समजलं त्यांना, चेहराही उतरला. पण मग म्हणाले, "खंडोजी, हॉल बुक झालाय, मेमेंटोवर नाव कोरून आलंय, आता इश्यू नको. ठरावाचं पुढच्या वार्षिक सभेत बघू." मी विचारलं, दोन वर्षांचं काय? तर म्हणाले, ती जागा भव्याला सांगून झाली आहे. भव्या, तुझा यात काही दोष नाही बाळा, तू माइक सांभाळ.

मग अण्णा, तुमच्याकडे आलो. तुमच्याबद्दल मला आदर आहे, माझ्या वडिलांना पहिलं भाड्याचं दुकान तुम्ही मिळवून दिलंत. पण तुम्हीही म्हणालात, अक्कांना सांग, मोठं मन करा. अण्णा, एका बाईने किती वेळा मोठं मन करायचं, याचा ठराव कधी झाला आहे का? झाला असला तर क्रमांक सांगा. शाल आपण द्यायची, फोटो आपण काढायचा, आणि मन मात्र त्यांनी मोठं करायचं, हा कुठला न्याय?

शेवटी मी अक्कांनाच विचारलं, तुम्हाला काय हवं, मी भांडतो. त्या म्हणाल्या, "नोकरी नको आता मला. माझ्या जागी दुसरी मुलगी बसवली, तिला उठवून मी बसू? पण ती ओळ तिथे ठेवून मी जाणार नाही. माझ्या मागे कुणीतरी ते पुस्तक उघडेल. नातवंडं समाजात येतील-जातील. त्यांनी तिथे निष्काळजीपणा वाचायचा?"

एवढंच मागणं आहे. ठराव पुस्तक मागच्या खोलीत हिरव्या कपाटात आहे. किल्ली अजून अक्कांच्या कमरेला आहे, ती त्या आज संध्याकाळी परत देणार आहेत. अण्णा, शाल मी पाहिली, उत्तम आहे, म्हैसूर रेशमाचा काठ आहे तिला. पण ती त्यांच्या खांद्यावर घालण्याआधी ती ओळ जाऊ दे. वार्षिक सभा म्हणता, तर ही काय कमी सभा आहे? सातही कार्यकारिणी सदस्य मला इथून दिसतायत. दामोदरराव, तुम्ही खांबामागे सरकलात तरी दिसताय. एकमताने झाला होता ठराव, एकमतानेच जाऊ दे. मी बोलायचं थांबतो तोवर.

थांबलोच आहे.

भव्या, अण्णा काय म्हणतायत ते माइकवर सांग. नको, मला ऐकू आलं. पुस्तक आण म्हणतायत. अक्का, किल्ली द्या तिला.

प्रदीपकुमार, तुमचं पेन द्या अण्णांना, त्यांचं गळतंय. हां. सात हात वर आहेत, मोजून घ्या कुणीतरी. दामोदररावांचा धरून सात. अण्णा ओळीवर रेघ मारतायत. खाली लिहितायत, 'वरील ठराव चुकीच्या माहितीवर आधारलेला असल्याने रद्द.' सही झाली.

मागच्यांना ऐकू आलं का? अक्का म्हणतायत, तारीख घाला, अण्णा.

घातली तारीख.

आता माझा राग उतरला असं कुणी समजू नये. दोन वर्षं गेली ती गेलीच, आणि चौदा महिने एका माणसाने स्वतःला दोषी धरलं, ते कुठल्या सहीने परत येत नाही. पण शाल घालायला आता हरकत नाही. अण्णा, तुम्ही रेघ सरळ मारलीत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. प्रदीपकुमारांनी मला माइक दिला आणि मध्येच काढून घेतला नाही, त्यांचेही आभार. स्वयंपाकघरात ज्यांचे बिसीबेळेभात आणि पुरण माझ्यामुळे खोळंबले आहेत त्यांचे आभार. अक्कांचे आभार मी मानत नाही, ते पुरे पडणार नाहीत.

भाषण संपवताना बोलण्यात काही चुकलं असल्यास पोटात घाला, असं म्हणून खाली बसतात. मी 'असल्यास' म्हणणार नाही. चुकलं आहे, माझं, आणि ते बोलण्यात नव्हे, कामात. त्याची क्षमा मी अक्कांकडे या सगळ्यांसमोर मागतो. द्यायची की नाही ते त्यांनी सवडीने ठरवावं.

एक गोष्ट नोंदीसाठी सांगून बसतो. गेल्या गुरुवारी मी कार्यालयात जाऊन ते चौदाही खटके एक एक करून उलटे फिरवले. दर वेळी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. भिंतीवरच्या घड्याळावर वेळ मोजायला अक्का होत्या. मेनू पुन्हा चारशे मिलिसेकंद थांबतो, सावल्या परत आल्या, अकरा प्रोग्राम पुन्हा उठून बसतात, दुकानातल्या जुन्या सीड्यांवरून जमवलेले धरून सहाशे ऐंशी फाँट पुन्हा आत आहेत. पेटीत राख मात्र नाही, आणि घरघरही नाही. मशीन सुरू व्हायला लागतात एक मिनिट तेरा सेकंद.

माझ्या चौदा खटक्यांचे मिळून तीन सेकंद. त्यात फाँटचं काहीच नाही.